आईला ट्रॉमा थेरपीला नेलं, पुण्यातल्या एका क्लिनिकचा सविस्तर रिव्ह्यू (५ पैकी ४ स्टार)

आधी कामाचं बोलते. पन्नाशी-साठीतली, "मला काय वेड लागलंय का" म्हणणारी आई, सासू, मावशी कोणी घरात असेल, वर्षानुवर्षं झोप धड नाही, छातीत धडधड, पोटाचं कायम काहीतरी, मान-खांदे आखडलेले आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल, तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठी आहे. क्लिनिक कोथरूडला आहे, छोटंसंच, दोन क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि ठराविक दिवशी येणारे एक सायकियाट्रिस्ट. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण आमच्या नातेवाइकांत सगळे सगळं वाचतात आणि आईला ते नकोय, हे एवढंही तिला विचारूनच लिहितेय. पण असल्या ठिकाणी जाताना काय बघायचं, काय विचारायचं ते यातून कळेल म्हणून लांबलचक लिहितेय, वेळ काढून वाचा.

आईचं माहेर किल्लारीच्या पट्ट्यातलं. १९९३ ला ती वीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप. आत्ताच्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगते, जवळपास दहा हजार माणसं गेली, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं तर पार जमीनदोस्त झाली, कारण घरं सगळी जाड दगडमातीच्या भिंतींची आणि वर माळवदाच्या मातीचं भलंमोठं ओझं, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. आईला दुपारी बाहेर काढलं. तिच्या शेजारी झोपलेला धाकटा भाऊ गेला. मग पत्र्याचे शेड, मग पुढच्या वर्षी लग्न, पिंपरी, आम्ही दोघं भावंडं, आणि त्या रात्रीबद्दल घरात कधी एक शब्द नाही. मामाचा फोटोसुद्धा भिंतीवर नाही.

मानसिक आरोग्याचं त्या वेळी कुणी बघितलंच नाही असं नाही हं, डॉ. मोहन आगाशे, ज्यांना आपण नट म्हणून ओळखतो पण जे मुळात सायकियाट्रिस्ट आहेत, त्यांनी आयसीएमआरसाठी, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेसाठी, भूकंपग्रस्तांच्या आरोग्याचा, त्यातही मानसिक आरोग्याचा अभ्यास केला होता. पण लग्न होऊन लांब गेलेल्या मुली असल्या कशातच मोजल्या जात नाहीत, त्या सासरी जातात आणि बरोबर सगळं घेऊन जातात.

तर आई कायम दाराजवळ झोपते, आतल्या खोलीत कितीही जागा असू दे. उशाशी स्टीलच्या पेल्यात पाणी असतं, ते प्यायला नाही. रात्री जाग आली की मोबाईलचा उजेड पाडून ती त्या पाण्याकडे बघते, हलतंय का. चपला दारात सरळ मांडलेल्या, तोंड बाहेरच्या बाजूला. कुकरची शिट्टी अचानक झाली की अंग उडतं. खालून जड ट्रक गेला की बोलता बोलता थांबते, डोळे कुठेतरी भलतीकडेच, आणि ट्रक गेल्यावर वाक्य पुढे चालू. हे तीस वर्षं चाललेलं. गेल्या वर्षी शेजारची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि ब्रेकर मशीन सुरू झालं, सकाळी नऊला सुरू ते संध्याकाळपर्यंत, आमच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि आई महिनाभरात निम्मी झाली. जेवण तुटलं. "छातीत कसं तरीच होलालंय" एवढंच म्हणायची. ईसीजी नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल. बीपीची गोळी आधीच चालू होती, ॲसिडिटीचीही, आणि एका डॉक्टरांनी कधी काळी दिलेली झोपेची गोळी जी कुणी बंद करायला सांगितलं नाही म्हणून वर्षानुवर्षं मेडिकलमधून येतच होती. "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला तर इतक्या जणांनी दिला की काय सांगू, जणू काही ती टेन्शन दुकानातून विकत घेऊन येतेय.

आता क्लिनिकबद्दल. पहिली गोष्ट जी मला मनापासून आवडली ती म्हणजे त्यांनी घाई केली नाही. पहिल्या भेटीत भूकंपाचा विषयच काढला नाही. झोप, जेवण, गोळ्या, घरात कोण कोण, पाळी कधी गेली, सगळं विचारलं, आणि थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन आधी करून आणा म्हणाले, कारण धडधड आणि थकवा त्यानेही होतो. ज्या ठिकाणी पहिल्याच दिवशी "हा ट्रॉमाच आहे" म्हणून शिक्का मारतात तिथे जाऊ नका असं माझं स्पष्ट मत. मग पीसीएल-५ म्हणून २० प्रश्नांची एक प्रश्नावली असते, पीटीएसडीची, म्हणजे जीवघेण्या प्रसंगाच्या धक्क्यानंतर (ट्रॉमानंतर) जडणाऱ्या मानसिक आजाराची लक्षणं तपासणारी, ती करून घेतली, आईच्या हातात फॉर्म नाही दिला, तिथल्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी स्वतः वाचून दाखवली, साध्या मराठीत, आणि आई "व्हय", "न्हाई", "लई" असं सांगत गेली तसं मांडत गेल्या. मॅडम स्वतः पुण्याच्या, पण आईचं बोलणं एकदाही सुधारायला गेल्या नाहीत. जे कळलं नाही ते विचारलं. याचं महत्त्व इंग्रजीतून थेरपी घेणाऱ्यांना कळणार नाही, आईसारख्या बाईने तोंड उघडणं हेच निम्मं काम आहे आणि समोरची व्यक्ती पुस्तकी बोलायला लागली की ती गप्पच होते.

दुसरी गोष्ट समजावून सांगणं. आम्हा दोघींना बसवून मॅडमनी कोऱ्या कागदावर चित्र काढून सांगितलं, ते मी इथे जमेल तसं सांगते कारण मला ते ऐकून इतकं हलकं वाटलं. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग आधी कामाला लागतो, विचार करणारा मेंदू मागून येतो. अमिग्डालाकडून हायपोथॅलॅमसला निरोप, तिथून सिंपथेटिक नर्व्हस सिस्टीम चालू, ॲड्रेनालिन सुटतं, ठोके वाढतात, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पचन मागे पडतं. पाठोपाठ दुसरी साखळी, हायपोथॅलॅमस, पिट्युटरी आणि मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी, त्यातून कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन. धोका टळला की पॅरासिंपथेटिक बाजू, त्यात मुख्य व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारी नस, सगळं हळूहळू खाली आणते. वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने १९१५ साली लढा-किंवा-पळा म्हणून जे मांडलं ते हेच. पण ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसाला ना लढता येतं ना पळता येतं. शरीर पूर्ण जोर लावून तयार आणि हलायला जागा नाही, तेव्हा ते गोठून जातं. आणि सुटका झाल्यावरही काहींच्या शरीराला "संपलं" हा निरोप नीट पोचतच नाही. मॅडम म्हणाल्या, दाराच्या बेलचं बटण आत रुतून बसलं की दारात कुणी नसलं तरी बेल वाजतच राहते, तसं. आई एकदम म्हणाली, "तीस वर्षं?" मॅडम म्हणाल्या, हो, तीस वर्षं. आई काहीच बोलली नाही पण मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, कुणीतरी पहिल्यांदा तिला सांगितलं होतं की हा तुझा स्वभाव नाही, भित्री नाहीस तू.

मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचंही सांगितलं. आठवणीवर वेळ-ठिकाणाची नोंद करायला तो भाग लागतो, आणि जीवघेण्या भीतीत ती नोंद नीट होत नाही, म्हणून जमीन थरथरली की शरीराला १९९३ ची पहाट आठवत नाही, ती परत चालूच होते, आत्ता, इथे. आणि पोटाचं का, तर व्हेगस नर्व्हमधले साधारण ८० टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडे बातम्या नेणारे असतात, म्हणजे पोट, छाती जे सांगेल ते मेंदू ऐकतच असतो, वाहतूक दोन्हीकडून चालते.

मी घरी येऊन यावर पुष्कळ वाचलं, सवयच आहे. ब्रूस मॅकइवेन आणि स्टेलर या शास्त्रज्ञांनी अलोस्टॅटिक लोडची कल्पना मांडली तीही १९९३ सालीच, किल्लारीच्याच वर्षी. सतत सज्ज राहण्याची शरीराला किंमत मोजावी लागते आणि ती बीपी, साखर, झोप, प्रतिकारशक्ती अशी सगळीकडून थोडी थोडी वसूल होते, असा त्याचा अर्थ. आईची फाईल उघडली तर हेच दिसतं की, बीपी एका डॉक्टरकडे, पोट दुसऱ्याकडे, झोप तिसऱ्याकडे, मान फिजिओकडे. एक गोष्ट मात्र माझ्या अंदाजापेक्षा वेगळी निघाली, पीटीएसडीच्या पेशंटमध्ये कॉर्टिसॉल वाढलेलंच असतं असं नाही, रेचेल यहुदा या संशोधिकेच्या कामात ते बऱ्याचदा कमी सापडलं. आणि हिप्पोकॅम्पस लहान दिसतो म्हणतात त्यातही गोम आहे, २००२ च्या एका अभ्यासात व्हिएतनाममध्ये लढलेल्या सैनिकांच्या जुळ्या भावांना तपासलं, तर ज्याच्या भावाला पीटीएसडी झाला होता त्या घरी राहिलेल्या जुळ्याचाही हिप्पोकॅम्पस लहान निघाला, म्हणजे काही अंशी तो आधीपासूनच तसा असावा. म्हणून "ट्रॉमाने मेंदू सुकतो" वगैरे रील्स बघून घाबरू नका प्लीज.

यावरून तक्रारीकडे येते, एक स्टार इथेच कापलाय. क्लिनिक महिन्यातून एकदा रविवारी वर्कशॉप घेतं, वेगळी फी, वेगळीच बाई शिकवायला. मी हौसेने गेले. "कॉर्टिसॉल डिटॉक्स", "सगळा ट्रॉमा तुमच्या कंबरेच्या सांध्यात साठलेला असतो", अमुक स्ट्रेच केला की बाहेर पडतो, आणि शेवटी एक पावडर विकायला. वर सांगितलं तसं काहींचं कॉर्टिसॉल मुळात कमीच असतं, मग डिटॉक्स कशाचं करताय? इतकं नीट काम करणाऱ्या जागेने हे चालवून घ्यावं याचा मला खरंच राग आला, आणि मी तसं मॅडमना तोंडावर सांगितलं. भिंतीवर व्हेगस नर्व्हच्या पायऱ्यांचा रंगीत तक्ता आहे, तो स्टीफन पोर्जेस यांच्या पॉलिव्हेगल थिअरीवरचा. पेशंटला समजायला सोपा आहे हे मान्य, पण त्यातल्या शरीरशास्त्राच्या दाव्यांवर बऱ्याच शास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत, ते निदान विचारल्यावर तरी सांगावं. मॅडमनी सांगितलं, श्रेय त्यांना.

थेरपीचं म्हणाल तर सुरुवातीचे कितीतरी आठवडे फक्त शरीराला शांत करणं. पाय जमिनीला टेकवून बसायचं, खोलीतल्या वस्तू एकेक नावाने सांगायच्या, आणि श्वास, आत घेताना चार आकडे, सोडताना सहा. श्वास सोडताना हृदयाचा वेग जरासा कमी होतोच, कुणाचाही, नाडीवर बोट ठेवून बघा, तेच लांबवायचं. आई म्हणाली जपाला बसल्यावर असंच होतं, मॅडम म्हणाल्या मग जपच करा त्या लयीत, वेगळं काही नको. हे मला फार आवडलं. सायकियाट्रिस्टनी झोपेची गोळी एकदम न थांबवता टप्प्याटप्प्याने कमी केली, आणि हे मी ठळक सांगते, असल्या जुन्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही अचानक बंद करू नका, धोकादायक असतं ते. त्यांनी त्याऐवजी दुसरं औषध सुरू केलं, ते आईचं आईला, तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मग ईएमडीआर. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ च्या सुमाराला सुरू केलेली पद्धत, डोळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हलवत ती आठवण मनात धरायची, थांबायचं, काय येतंय ते बघायचं, परत. डोळ्यांची हालचाल खरंच किती काम करते यावर वाद आहेत, पण पीटीएसडीसाठी ट्रॉमावर बेतलेली सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस डब्ल्यूएचओने २०१३ च्या गाईडलाईन्समध्ये केलीय, म्हणून आम्ही तयार झालो. आईच्या डोळ्यांना त्रास व्हायचा म्हणून मॅडम तिच्या हातांवर आळीपाळीने थोपटायच्या, आई तळवे मांडीवर उपडे ठेवून बसायची, डावा, उजवा, डावा, उजवा, एका ठराविक गतीत, आणि मध्येच थांबून "आता काय आहे?" एवढाच प्रश्न. एका सेशनला मी आत बसले होते, परवानगीने. आई म्हणाली, "तोंडात माती आहे." मग थोपटणं. मग, "माती कमी झाली." मग खूप वेळाने, "त्याचा हात माझ्या हातात होता, गार पडला तसा मी सोडला." मॅडमनी काहीही समजावलं नाही, तुमची चूक नव्हती वगैरे काही नाही, फक्त थोपटत राहिल्या, आणि बऱ्याच फेऱ्यांनी आई स्वतःच म्हणाली की वीस वर्षांच्या पोरीनं काय करायला पाहिजे होतं.

सगळं सांगावं लागत नाही हा या पद्धतीचा मोठा फायदा. आईची भीती हीच होती, "मेलेल्याला कशाला बोलावून आणायचं." तिने जेवढं बोललं तेवढंच बोललं, बाकी मनात झालं.

पण हे सोपं नाही हेही लिहिते. सेशननंतर दोन-तीन दिवस वाईट जायचे, स्वप्नं वाढायची, चिडचिड व्हायची, एकदा तर ती म्हणाली आता नाही जायचं मला, आधी बरी होते. याची कल्पना त्यांनी आधी दिली होती, फोन करायचा नंबरही दिला होता आणि मी फोन केला तेव्हा उचलला, त्याबद्दल पैकीच्या पैकी. मधे दोन आठवडे ईएमडीआर थांबवून परत नुसतं श्वासावर आलो. घाई केली असती तर आई कायमची उठून गेली असती.

फरक काय पडला? बीपीची गोळी आहे तशीच आहे. ब्रेकर परत लागला तर ती अजूनही दचकते, पण आधी दिवस जायचा, आता पंधरा-वीस मिनिटांत भाजी निवडायला बसते. झोप सलग चार-पाच तास लागते. ॲसिडिटीची गोळी कधीतरीच. पाण्याचा पेला उशाशी असतोच आणि मॅडम म्हणाल्या असू दे, काढायची काही गरज नाही. आणि दिवाळीत लातूरहून मावशी आली होती तेव्हा दोघी स्वयंपाकघरात मामाचं नाव घेऊन बोलत होत्या, त्याला शेंगदाण्याची पोळी किती आवडायची वगैरे. मी त्या घरात लहानाची मोठी झालेय, ते नाव त्या घरात मी पहिल्यांदा मोठ्याने ऐकलं.

पैशाचं बोलूया. सेशन १५०० रुपये, ईएमडीआरचं लांब सेशन २२००, सायकियाट्रिस्ट वेगळे. महाग आहे, आमच्यासारख्यांना जड गेलं, भावाने अर्धा भार उचलला म्हणून झालं. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं आहे, पण ओपीडीतले सेशन आमच्या पॉलिसीत बसले नाहीत, तुमची पॉलिसी नीट वाचा. रिसेप्शनला पॅकेज घ्या म्हणून मागे लागतात, घेऊ नका, एकेक सेशनचे पैसे द्या, चालतं. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा. लिफ्ट आहे पण कधीकधी बंद असते आणि क्लिनिक तिसऱ्या मजल्यावर, गुडघेवाल्यांनी आधी फोन करून विचारा. वेटिंगमध्ये रस्त्याचा आवाज जबरदस्त येतो, जिथे आवाजाने दचकणारे पेशंट येतात तिथे निदान जाड पडदे तरी लावा हो.

परवडत नसेल तर मार्गच नाही असं नाही, पर्याय आहेत. टेली-मानस, १४४१६, सरकारी हेल्पलाईन, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्लिनिक सापडेपर्यंतच्या त्या वाईट महिन्यात एका रात्री मी स्वतः केला होता फोन, आईसाठी नाही, माझ्यासाठी. पलीकडच्या ताईंनी नीट ऐकून घेतलं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे सायकियाट्रिस्ट मिळतात, गर्दी असते पण खर्च नगण्य. आणि खासगीत कुठेही गेलात तर समोरची व्यक्ती आरसीआयकडे, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून रजिस्टर आहे का ते नंबर मागून बघा, लाजू नका. "ट्रॉमा हीलर", "नर्व्हस सिस्टीम कोच" असले बोर्ड पुण्यात गल्लोगल्ली झालेत.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं, दुपारी तीनचा स्लॉट घ्या, तेव्हा गर्दी कमी असते आणि त्या दिवशी संध्याकाळी घरी पाहुणे, लग्न, हळदीकुंकू काही ठेवू नका, माणूस पार थकून येतो. येताना बरोबर कुणीतरी असू द्या, रिक्षाने या, पार्किंग मिळत नाही. अपॉइंटमेंट व्हॉट्सॲपवर मिळते, सकाळी अकरानंतर रिप्लाय येतो. रविवारच्या वर्कशॉपचा मेसेज आला तर डिलीट करा.